टनामागे चाळीस पैसे आणि एक पुस्तकपेटी



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस एव्हाना आपल्या हाती पडली असेल. सभेत काय काय बोलले जाणार, हे आपणां सर्वांस पाठच आहे. पहिल्या उचलीचा आकडा, सवलतीच्या साखरेचे किलो, तोडणीला होणारा उशीर आणि काट्याविषयीची कुरकुर. हे विषय महत्त्वाचेच आहेत. मीही दरसाल त्यांवर हात वर करून बोलत आलो आहे. पण यंदा या विषयांच्या पंगतीला आणखी एक विषय बसवावा, एवढ्यासाठी हे चार शब्द लिहीत आहे. विषय मुलांच्या वाचनाचा आहे. वाचन म्हटल्याबरोबर पान उलटू नका. या विषयाचा आपल्या उसाशी, आपल्या तोडणीशी आणि आपल्या गावच्या शाळेशी थेट संबंध आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट सांगतो. माझ्या खोडव्याला तोड आली होती. टोळी बीड जिल्ह्यातली, टायरगाडीवाली. संध्याकाळी गाडीवान काट्यावरून परत आला, खिशातून वजनाची पावती काढली आणि म्हणाला, "मालक, बघा की किती भरलं." माझा चष्मा घरी राहिलेला. शेजारी त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती. काखेत धाकटा भाऊ, हातात पाण्याची कळशी. मी म्हटले, "पोरी, तूच वाच की. कितवीत आहेस?" म्हणाली, "चवथीत." तिने पावती हातात घेतली. आकडे एकेक करून सांगितले, पण आकडे तीन होते. त्यांतला कोणता भरल्या गाडीचा, कोणता रिकाम्या गाडीचा आणि कोणता उसाचा, ते शेजारच्या अक्षरांत लिहिले होते. "नि... व..." करीत ती 'निव्वळ' या शब्दावर अडली ती अडलीच. बापाने पावती परत घेतली, घडी घातली आणि म्हणाला, "असू द्या मालक. मुकादम सांगंल त्ये खरं."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. नवरा-बायको पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, दिवसभर कोयता चालवतात, मोळ्या बांधून गाडी भरतात आणि त्या कष्टाचे वजन किती झाले हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात. उचल किती घेतली, फिटली किती, अंगावर किती राहिली, हाही हिशेब दुसऱ्याच्याच वहीत. ही पिढी वाचू शकत नाही, ते एक असो. पण चौथीत नाव असलेली त्यांची लेकही वाचू शकत नसेल, तर पुढची तीस वर्षेसुद्धा 'मुकादम सांगेल ते खरे' हाच कारभार चालणार.

मी तिला सहज विचारले, "तुमच्या शाळेत गोष्टींची पुस्तकं नाहीत का गं?" तर म्हणाली, "हायेत की. कपाटात. कपाटाला कुलूप ऱ्हातंय."

मला जे सांगायचे आहे ते बहुतेक या उत्तरात आले. पुस्तके नाहीत असे नाही. फुकट आहेत, पुष्कळ आहेत, सरकारची आहेत, संस्थांची आहेत. ती मुलाच्या हातापर्यंत जात नाहीत, हे दुखणे आहे. आणि हातापर्यंत पोचवण्याचे काम आपल्यासारख्या सहकारी संस्थेच्या आवाक्यातले आहे, असे माझे ठाम मत आहे.

उगवण झाली, पण पाळी चुकली

आपण ऊस लावतो तेव्हा सगळेच डोळे उगवत नाहीत. महिना-दीड महिन्यात आपण सरीतून फिरतो, तुटाळ दिसते तिथे नांग्या भरतो. त्या वेळी भरल्या तर रोप बाकीच्या उसाबरोबर चालते. चार महिन्यांनी नांगी भरली तर ते रोप सावलीतच कुजते. वाचनाचे अगदी असेच आहे. पहिली-दुसरीत अक्षरओळख होते. तिसरीपर्यंत मूल घडाघडा वाचू लागले पाहिजे, कारण चौथीपासून गणित, परिसर, इतिहास सगळे वाचूनच कळायचे असते. ज्याला वाचता येत नाही तो वर्गात बसतो, हजेरीत असतो, पण शिकत नाही.

'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशभर होते. तीत घरोघरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा साधा उतारा ठेवतात आणि वाचून घेतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीला असणाऱ्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच तो उतारा वाचता आला. पाचवीत गेलेल्या १०० पैकी साधारण ४५ मुलांना आला. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचता येत नाही. २०२२ पेक्षा हे आकडे सुधारलेले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मास्तर मंडळी कामच करीत नाहीत, असा अर्थ कोणी काढू नये. पण उतारा इतका कमी पडला असता तर आपण कारखान्यात तातडीची सभा बोलावली असती.

यात ऊसतोडीच्या मुलांचे हाल वेगळेच. जूनला शाळा सुरू होते, मूल चार अक्षरे गिरवते, आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत चढते. भांडी, अंथरुणे, कोंबड्या, शेळी आणि पोरे. पुढचे पाच महिने कोपीत. धाकट्याला सांभाळायचे, पाणी आणायचे, वाढे गोळा करायचे. मोठी बहीण तर घरची स्वयंपाकीणच होते. मार्च-एप्रिलला परत जाईपर्यंत गिरवलेली अक्षरे पुसून गेलेली असतात. पाण्याची पाळी चुकलेल्या पिकासारखी ही मुले वर्षानुवर्षे एकाच उंचीवर राहतात.

फुकट काय काय आहे?

आता फुकटच्या ठेव्याकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांना याची कल्पना नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट पाठ्यपुस्तकांची. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास बालभारती, म्हणजे पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, स्थापन झाले. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना ही पुस्तके मोफत मिळतात. चांगलेच आहे. पण पाठ्यपुस्तक हे रोजच्या भाकरीसारखे. त्यातला धडा वर्षभर तोच. मुले तो पाठ करतात आणि आपल्याला वाटते वाचतात. खरे वाचन येते ते अनोळखी गोष्ट समोर आल्यावर. त्यासाठी धड्यांव्यतिरिक्त गोष्टींची पुस्तके हवीत, सोपी हवीत आणि पुष्कळ हवीत.

ती कुठे आहेत? याच बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याच्या जुन्या अंकांचा संग्रह बालभारतीने संगणकावर सर्वांना मोफत खुला केला आहे. पन्नास वर्षांच्या गोष्टी, कविता, कोडी, चित्रे. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, 'स्टोरीवीव्हर' नावाचे गोष्टींचे भांडार खुले केले. त्यात मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी आहेत. पानावर एकच ओळ असलेल्या गोष्टींपासून लांबलचक गोष्टींपर्यंत त्यांच्या चार पायऱ्या पाडलेल्या आहेत. त्यांचा परवानाच असा आहे की, लेखक-चित्रकाराचे नाव कायम ठेवून कोणीही त्या गोष्टी उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, वाटाव्यात. परवानगीसाठी अर्ज नको, की पैसे नकोत. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी मुलांसाठीची शेकडो पुस्तके आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर आहेत.

आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरील हक्क संपतो आणि ते सर्वांचे होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे २०११ सालापासून 'श्यामची आई'सकट त्यांचे लेखन कोणीही छापू शकतो. त्यांनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आज आपल्या कारखान्याच्या तळावर बसून कोणी ते मोठ्याने वाचून दाखवले, तर त्याला एक पैसा खर्च नाही.

शाळांचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे की, प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असली पाहिजेत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. म्हणजे कायदा आहे, पैसा आहे, पुस्तकेही आहेत.

मग घोडे कुठे अडले?

घोडे तीन ठिकाणी अडले आहे.

पहिले, कुलपात. पुस्तक हरवले की साठा नोंदवहीत तूट दिसते, तपासणीला साहेब आला की विचारतो, आणि भरपाई मास्तरांच्या खिशातून होण्याची भीती असते. मग मास्तर बिचारा काय करील? कपाटाला कुलूप लावील. वहीत पुस्तके शंभरच्या शंभर आणि मुलाच्या हातात एकही नाही. फाटलेले पुस्तक हा गुन्हा आणि न उघडलेले पुस्तक ही शिस्त, असा उलटा हिशेब आपण मांडला आहे. उसाला फडातून काट्यापर्यंत जाताना घट येतेच ना? ती आपण धरून चालतो. मग पुस्तकांत शंभरामागे वीस घट का धरू नये?

दुसरे, मोबाइलच्या भरवशात. "सगळं फोनवर फुकट आहे हो," असे आमचे तरुण सांगतात. खरे आहे. पण तळावर येऊन बघा. कोपीत फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप फडात. रात्री परत येतो तेव्हा त्यात चार्ज नसतो. त्यातूनही पोरांच्या हाती लागलाच तर ती गोष्टीचे पान उघडतील की नाचगाण्याचे, हे तुम्हीच सांगा. फुकटचे जे संगणकावर आहे ते कागदावर उतरले पाहिजे. लहान मुलाला पान उलटायला, चित्रावर बोट ठेवायला, उशाखाली ठेवून झोपायला पुस्तकच लागते.

तिसरे, माणसाविना. नुसती पुस्तके टाकून वाचन येत नाही. बियाणे शेतात ओतून आलो म्हणजे पेरणी झाली असे कोणी म्हणत नाही. मुलांसोबत रोज तासभर बसणारे, मोठ्याने वाचून दाखवणारे, अडलेल्या शब्दावर थांबणारे माणूस हवे. तळावरची कित्येक मुले घरी गोरमाटी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. त्यांच्याशी आधी चित्रावर बोलावे लागते आणि मग अक्षरावर यावे लागते.

हे आपल्या रक्तातले आहे

कोणी म्हणेल, कारखान्याने साखर करावी, ही शाळेची उठाठेव कशाला? त्यांना मी सहकाराचा इतिहास आठवून देतो. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल गावी २८ विणकर-कारागिरांनी दुकान काढले. जगभरच्या सहकाराची सुरुवात आपण तिथून मानतो. त्या लोकांनी पुढे नफ्यातले अडीच टक्के शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नेम केला. दुकानाला जोडून वाचनालय उघडले. ज्यांना स्वतःला पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते, त्यांनी मिळून पुस्तके घेतली. सहकार म्हणजे तरी दुसरे काय?

आपल्याकडचे पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल नव्हती त्यांची मुले शिकवली. आज या पत्रिकेचे वाचक असलेल्या कित्येक सभासदांचे वडील 'रयत'च्याच बाकावर बसलेले आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ आणि त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि शेजारी पोरे शिकताहेत. कुरणात जर शाळा जाऊ शकते, तर आपल्या तळावर पुस्तकपेटी का जाऊ शकत नाही?

साखरशाळांचा प्रयोगही आपल्या भागाला नवा नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि मुलांना वेगळ्या तात्पुरत्या शाळेत बसवण्याऐवजी जवळच्या नेहमीच्या शाळेत घालावे, असे धोरण आले. ते योग्यच आहे. सभासदांनी हे मात्र ध्यानात ठेवावे की, या कायद्याने मुलाला वर्षात केव्हाही प्रवेश द्यावा लागतो आणि दाखला आला नाही म्हणून शाळेला ते अडवता येत नाही. आपल्या फडावर आलेल्या टोळीला एवढे जरी आपण सांगितले, तरी दोन-चार मुले शाळेत जातील. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच भर शासनाची, असाही निर्णय झाला. ही मुले गावी राहून शिकावीत, हेच उत्तम. माझी पुस्तकपेटी त्याला पर्याय नाही. पण गावी आजी-आजोबा नाहीत, मूल लहान आहे, म्हणून जी पोरे तरीही गाडीत बसून येतात, ती संध्याकाळी आपल्याच तळावर चुलीपुढे बसलेली असतात. त्यांच्यासाठी हा विचार.

हिशेब असा

नुसते बोलून चालत नाही, म्हणून हिशेब मांडतो. एका पेटीत ८० पुस्तके. पातळ, चित्रांची, मोठ्या टायपाची. काही विकत घेतलेली, काही मोफत परवान्याची आपल्या भागातल्या छापखान्यातून छापून घेतलेली. सरासरी ५० रुपये धरले तर ४,००० झाले. पत्र्याची पेटी, सतरंजी आणि सौरदिवा मिळून २,००० धरा. तळावर रोज संध्याकाळी तासभर बसायला गावातलीच बारावी झालेली किंवा कॉलेजात जाणारी मुलगी. तिला महिना ३,००० रुपये मानधन, पाच महिन्यांचे १५,०००. एका तळाला एकूण २१,०००, वरखर्च धरून २२,५००. असे आठ तळ घेतले आणि गटातल्या चार जिल्हा परिषद शाळांना नुसत्या पेट्या दिल्या, तर २ लाखांच्या आत काम होते. पाच लाख टन गाळप धरले तर हा खर्च टनामागे ४० पैसे पडतो. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला ४० रुपये. काट्यावर गाडी लावून आपण चहा-भजी खातो, त्याहून हे जास्त नाही. आणि दुसऱ्या वर्षी पेट्या तयारच असतात, फाटलेली पुस्तके तेवढी भरायची.

जिल्हा परिषदेच्या शाळांचे नाव मुद्दाम घेतले. आपण ऐपतदार झालो तशी आपली मुले पिवळ्या बसमधून तालुक्याला जाऊ लागली. मागे गावच्या शाळेत कोण राहिले? शेतमजुराची, सालगड्याची, विधवा बाईची पोरे. ज्या शाळेत आपण शिकलो ती आता गरिबांची शाळा झाली, आणि तिच्या ग्रंथालयाची चौकशी करायला गावात कोणी उरले नाही. आपली मुले गेली तरी शाळा आपलीच आहे.

नियम दोनच असावेत. पेटीला कुलूप नसावे आणि मुलाला पुस्तक कोपीत न्यायला मुभा असावी. भरपाई कोणाकडूनही नाही. हंगाम संपून टोळी निघाली की, प्रत्येक मुलाला आवडीची दोन पुस्तके बक्षीस द्यावीत. आणखी एक सांगतो, राग मानू नका. "पुस्तके दान करा" म्हटले की लोक जुनी गाइडे, स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे आणि पाने गेलेल्या डायऱ्या आणून टाकतात. ती रद्दी आहे, तिला दान म्हणू नये. आपल्या नातवाच्या हातात जे देऊ तेच पेटीत टाकावे.

एका प्रश्नाचे सरळ उत्तर

हा विषय मी पारावर काढला तेव्हा एक जुने सभासद मित्र हळूच म्हणाले, "तात्या, ही पोरं शिकली तर ऊस कोण तोडायचा?" ते वाईट माणूस नाहीत. जे पुष्कळांच्या मनात आहे ते त्यांनी तोंडाने बोलून दाखवले, इतकेच. म्हणून उत्तर सरळ देतो. आपला ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा म्हणून दुसऱ्याच्या लेकराने अडाणी राहावे, असा हक्क आपल्याला कोणत्या शेअरने दिला? आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या वहीतून सुटण्यासाठी सोसायट्या काढल्या, कारखाने उभारले. त्याच कारखान्याच्या जिवावर दुसऱ्या कोणाला आपण तशाच वहीत अडकवून ठेवणार असू, तर मग सहकाराचे नाव तरी कशाला घ्यावे? तोडणीयंत्रे आलीच आहेत, आणखी येतील. त्या दिवशी कोयता जाईल. ज्याच्या हातात कोयत्याखेरीज काही नसेल त्याने कुठे जावे? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगत. आपण मूळच खात आलो आहोत.

आणि मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? त्याच मुलीला त्या दिवशी सकाळी "पोरी, विहिरीवरून कळशी आण गं," असे मीच सांगितले होते. शाळेची वेळ होती, हे तेव्हा ध्यानातही आले नाही. संध्याकाळी पावती वाचायला सांगून मीच हसलो. तिला वाचता येत नाही याचा दोष मी सकाळपर्यंत तिच्या बापावर टाकीत होतो.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत नव्हे, तर विषयपत्रिकेवर रीतसर हा ठराव घ्यावा: 'येत्या हंगामापासून कारखान्याच्या आठ तळांवर व गटातील चार शाळांत पुस्तकपेट्या ठेवण्यात याव्यात, तळांवर संध्याकाळच्या वाचनासाठी ताई नेमण्यात याव्यात, व त्यासाठी टनामागे ४० पैशांपर्यंत खर्चास मान्यता देण्यात यावी.' संचालक मंडळाने कायदेशीर बाजू तपासून घ्यावी. वर्गणीच योग्य ठरत असेल तर वर्गणी करावी. पहिले चाळीस रुपये माझे. काम कसे झाले हे मोजायचे असेल तर उद्घाटनाचे फोटो बघू नयेत. एप्रिलमध्ये पेट्या उघडून बघाव्यात. पुस्तके नवीकोरी निघाली तर योजना फसली. पाने दुमडलेली, कडांना चुलीचा काळा हात लागलेला, एक-दोन गायब, असे दिसले तर पैसे सार्थकी लागले म्हणावे.

मोळी टाकण्याचा मुहूर्त लवकरच येईल. गाड्या येतील, तळ भरतील. ती मुलगी यंदा आली तर पाचवीत असेल. तिच्यापुढे पुन्हा पावती धरायची माझी इच्छा आहे. 'निव्वळ' हा शब्द तिने न अडता वाचावा, आणि तिच्या बापाने मुकादमाकडे न बघता तिच्याकडे बघावे. त्यासाठी लागते ते सारे जमलेले आहे, फक्त ते तळापर्यंत नेणारे हात हवेत. ते हात आपले असावेत, एवढेच मागणे.



आपला,
एक ऊस उत्पादक सभासद